मोठी गाडी : एक रूपविचार

आमच्या गोंदिया जिल्ह्यात 'क्रूझर' म्हटले की लग्नसराईत वऱ्हाड नेणारी, फोर्स कंपनीची ती लांबोळकी जीपगाडी डोळ्यांपुढे येते. तिच्यात डझनभर माणसे कायद्याने बसतात आणि कायद्याबाहेर किती बसतात ते वरपित्यालाच ठाऊक. मी ज्या क्रूझरविषयी लिहिणार आहे ती दुचाकी आहे. तिच्यावर एक माणूस ऐसपैस बसतो आणि दुसरा कसाबसा. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकाच रस्त्यावरून समोरासमोर जातात, ह्यातली गंमत माझ्या मनात बरेच दिवस घोळते आहे. माणूस जी वस्तू कर्ज काढून घेतो, रोज वापरतो आणि जिच्यावर बसून गावाला आपण कोण ते दाखवतो, ती वस्तू काही मुकी नसते. कादंबरीला जे प्रश्न विचारायचे तेच तिला विचारून पाहावेत, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

आमच्याकडे मोटारसायकलला 'गाडी' म्हणतात. मोटारीला 'फोर-व्हीलर' म्हणावे लागते. ह्यावरूनच कोणते वाहन घरचे आणि कोणते पाहुणे ते कळावे. शंभर सी.सी.ची गाडी दहापंधरा वर्षे वापरून झाली, मुले जरा मोठी झाली, हातात चार पैसे खेळू लागले, की माणूस 'मोठी गाडी' घेतो. मीही घेतली. कोणती ते सांगत नाही, कारण मला तिची तक्रारही करावयाची नाही आणि जाहिरातही. गाडी दारात आली की शेजारी पहिला प्रश्न विचारतात तो 'किती सी.सी.?' हा. नोकरदाराला वेतनश्रेणी विचारावी तसा तो विचारला जातो, आणि उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा त्याच हिशेबाने बदलतो.

पण सी.सी. म्हणजे काय, तर इंजिनाच्या नळकांड्यात पिस्टन जेवढी जागा झाडून काढतो तेवढे घनमाप. ती पोटाची माप आहे, बळाची नव्हे. १९९४ साली आलेली हिरो होंडाची स्प्लेंडर ९७ सी.सी.ची, तिची ताकद आठ अश्वशक्तीच्या आसपास. बजाजची अ‍ॅव्हेंजर २२० सी.सी.ची, तिची ताकद सुमारे १९. येथवर हिशेब सरळ आहे. आता रॉयल एनफिल्डची २०२० सालची मीटिऑर घ्या. इंजिन ३४९ सी.सी.चे, म्हणजे अ‍ॅव्हेंजरच्या दीडपटीहून मोठे. ताकद मात्र २० अश्वशक्तीच्या थोडी वर. मग ते जास्तीचे सव्वाशे सी.सी. गेले कोठे? ते गेले संथपणात. अ‍ॅव्हेंजरची पिळाची शक्ती, ज्याला टॉर्क म्हणतात, ती साडेसतरा न्यूटन-मीटर आणि तीही मिनिटाला सात हजार फेऱ्या झाल्यावर भरास येते; मीटिऑरची सत्तावीस, आणि ती चार हजार फेऱ्यांतच. म्हणजे मोठ्या इंजिनाने तुम्हांला मिळाले काय, तर धावपळ न करता काम होणे. जो माणूस मोठी गाडी अधिक वेगासाठी घेतो त्याने दुकानाची पाटीच नीट वाचलेली नसते.

सरकारनेही आता सी.सी.लाच प्रतिष्ठेचे माप करून टाकले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या मोटारसायकलींवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. पूर्वी दोहोंवर २८ टक्केच होते. वरच्यांवर तीन टक्के उपकर तेवढा अधिक. म्हणजे ३४९ सी.सी.ची गाडी ही गरज आणि तिच्याहून दोन सी.सी.ने मोठी ही चैन! चैनीची व्याख्या इतक्या नेमकेपणाने आमच्या संतांनाही करता आली नव्हती.

लहानातून मोठ्यात जाणे ही बढती आहे असे सगळेच धरून चालतात. मला ते मान्य नाही, आणि ह्या लेखात सांगण्यासारखे जे काही आहे ते एवढेच. कथा वाढवली म्हणजे कादंबरी होत नाही, हे मी लिहिता लिहिता शिकलो. कथेची चाल वेगळी, श्वास वेगळा. कादंबरीत पान उलटायची घाई लेखकालाच असेल तर ती ताणलेली कथाच राहते. क्रूझर ही तशीच मोठी केलेली मोटारसायकल नव्हे. ती निराळा वाङ्मयप्रकार आहे. तिचे निकष निराळे, आणि तिच्याकडून मागावयाचे सुखही निराळे.

ह्या रूपाचा उगम पाहावा. ते अमेरिकेतले. गावे दूर दूर, रस्ते सरळ आणि रुंद, पेट्रोल स्वस्त. हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन ह्या तिथल्या कंपन्यांनी ज्या जड गाड्या बनवल्या त्यांचे हँडल रुंद आणि मागे ओढलेले, बैठक खाली, पाय पुढे पसरलेले. दिवसदिवस एकाच दिशेने जाणाऱ्या माणसाची ती आरामखुर्ची होती. १९६९ साली 'ईझी रायडर' हा चित्रपट आला. त्यात दोन तरुण लॉस एंजलिसहून न्यू ऑर्लिन्सकडे निघतात, आणि तेव्हापासून ही बैठक म्हणजे स्वातंत्र्याची बैठक असे जगाने मानले. त्या चित्रपटाच्या शेवटी त्या दोघांना रस्त्यावरचा एक अनोळखी माणूस बंदुकीने मारतो. जाहिरातवाल्यांनी बैठक उचलली आणि शेवट सोडून दिला.

आपल्याकडे हे रूप मराठी मुलखातूनच आले, ही गोष्ट आमच्या वाचकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. पुण्याच्या बजाज कंपनीने २००१ साली कावासाकीच्या सहकार्याने एलिमिनेटर काढली, १७५ सी.सी.ची. ती महाग होती, फार चालली नाही. मग २००५ साली त्याच अंगलटीवर आपल्या पल्सरचे इंजिन चढवून अ‍ॅव्हेंजर काढली. प्रथम १८० सी.सी., २००७ साली २००, २०१० साली २२०. २०१५ साली तिची तीन रूपे आली आणि त्यांत एक दीडशे सी.सी.चे होते. त्याआधी यामाहानेही एन्टायसर नावाची सव्वाशे सी.सी.ची क्रूझर काढून पाहिली होती.

टीकाकाराला येथे थांबावेसे वाटते. सव्वाशे किंवा दीडशे सी.सी.ची क्रूझर म्हणजे रूप मोठे आणि आशय लहान. पाय पुढे पसरलेले, हात ऐसपैस, आणि खाली इंजिन मात्र चढ आला की धापा टाकते. चालकाने आळसावून बसावे अशी बैठक आणि यंत्राने जिवाचा आटापिटा करावा अशी रचना! महाकाव्याच्या वृत्तात लिहिलेले किराणा सामानाचे बिल जसे वाचवेल, तसे ते चालवताना वाटते. दोष लहान इंजिनाचा नाही. तेच इंजिन साध्या अंगलटीत किती गोड चालते ते आपण पाहतोच. दोष आहे तो दोहोंच्या बेबनावाचा.

आणि अ‍ॅव्हेंजरच्या २२० सी.सी.च्या रूपातही हा बेबनाव थोडा उरतो, हे मान्य केले पाहिजे. पल्सरचे ते इंजिन मुळात धावण्याच्या स्वभावाचे. त्याच्या नळकांड्याचा व्यास ६७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ६२. म्हणजे रुंदी अधिक, धाव आखूड, आणि अशा इंजिनाला भरभर फिरावेसे वाटते. मीटिऑरमध्ये हेच उलट आहे : व्यास ७२, धाव जवळजवळ ८६. लांब दम घेऊन सावकाश बोलणारे ते इंजिन. पहिल्यात बैठक कीर्तनकाराची आणि गळा तमाशातल्या सोंगाड्याचा. ते वाईट नव्हे; तिच्यात एक खोडकरपणा आहे आणि तो मला आवडतोही. पण त्या रूपाचे पूर्णत्व पाहावयाचे तर दुसरीकडेच पाहावे लागेल. तिचे वजन १९१ किलो, म्हणजे स्प्लेंडरच्या पावणेदोनपट, हे मात्र घराच्या चढावर ती मागे ढकलताना आठवावे.

डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाचे म्हणाल तर मला बा. सी. मर्ढेकरांची आठवण होते. १९५५ सालच्या 'सौंदर्य आणि साहित्य' ह्या ग्रंथात त्यांनी लयीची तीन तत्त्वे मांडली : संवाद, विरोध आणि समतोल. मोटारसायकलीसाठी त्यांनी ती मांडली नव्हती हे उघड आहे. पण अ‍ॅव्हेंजर बाजूने पाहा. पुढचे चाक सतरा इंचांचे आणि अंगाने सडपातळ. मागचे पंधरा इंचांचे आणि लठ्ठ. हा विरोध. हँडलापासून निघालेली रेषा टाकीवरून उतरत चालकाच्या बैठकीत विसावते आणि मागे पुन्हा चढते. हा संवाद. दोन चाकांमधले अंतर १४९० मिलिमीटर, स्प्लेंडरपेक्षा पाव मीटरने अधिक. त्या लांबीत सगळे वजन खाली निजलेले. हा समतोल. स्प्लेंडरमध्ये ह्यातले काही शोधू नये. ती सरळ आडव्या ओळीत लिहिलेल्या हिशेबाच्या वहीसारखी आहे, आणि तीत खाडाखोड नाही हेच तिचे सौंदर्य.

परंतु मर्ढेकरांशी येथे मला भांडावेसे वाटते. केवळ घाटाने वस्तूचे मोल ठरत असते तर मोटारसायकल उभी असतानाच तिची परीक्षा संपली असती. गाडी ही बसून वाचावयाची गोष्ट आहे. आणि बसल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की पाय हरवला. वर्षानुवर्षे गुडघ्याखाली जेथे फूटरेस्ट असे तेथे पाय जातो आणि हवेत चाचपडतो. गिअर आणि ब्रेक पुढे कोठेतरी असतात. वळताना गाडी अंगाने वळत नाही, विचार करून वळते. आमच्या गोरेलाल चौकात बाजाराच्या वेळी भाजीची हातगाडी, सायकलरिक्षा आणि गाय ह्यांच्यामधून स्प्लेंडर पाण्यासारखी निघून जाते. क्रूझरला तेथे ओळखीच्या माणसासारखे थांबावे लागते. खड्डा आला तर लहान गाडीवर माणूस फूटरेस्टवर दाब देऊन किंचित उठतो आणि हिसका पायांत जिरवतो. येथे पाय पुढे, म्हणून उठता येत नाही. हिसका थेट माकडहाडात. उलट ब्रेक लावताना लांबी आणि ठेंगणेपणा कामी येतात. वजन पुढच्या चाकावर तितके झुकत नाही, म्हणून मागचा ब्रेक, जो लहान गाडीवर जरा जोरात दाबला की चाक घसरवतो, येथे खरे काम करतो.

हे शिकवतो कोण? कोणीच नाही. युरोपात ह्या बढतीला इयत्ता आहेत. सोळाव्या वर्षी सव्वाशे सी.सी.पर्यंतचा परवाना, अठराव्या वर्षी मधल्या ताकदीचा, आणि तो दोन वर्षे वापरल्यावर परीक्षा देऊन मग वाटेल तेवढ्या मोठ्या गाडीचा. आमच्याकडे गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना एकच. मैदानात शंभर सी.सी.च्या गाडीने इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवला की हजार सी.सी.च्या गाडीवर बसायला कायद्याची हरकत नाही. चौथीत पास झालेल्या मुलाला एकदम मॅट्रिकच्या वर्गात बसवावे तसे हे आहे. मास्तर म्हणून मला ते खुपते. मोठी गाडी घेऊन लहान गाडीसारखी हाणणारी पोरे कोहमाऱ्याच्या रस्त्यावर दिसतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या हाती नवा वाङ्मयप्रकार दिला आणि वाचायला जुनेच व्याकरण.

आता जाहिरातीकडे वळतो, कारण माझा खरा आक्षेप तेथे आहे. १९८९ साली बजाजच्या स्कूटरची 'हमारा बजाज' ही जाहिरात दूरदर्शनवर आली. तिच्यातली माणसे आठवा : नवराबायको, म्हातारे, लेकुरवाळे, स्कूटर पुसणारे, स्कूटरला नमस्कार करणारे. 'हमारा' हा शब्द त्या स्कूटरच्या बैठकीत अक्षरशः मावत होता. पुढे उभे राहिलेले पोर, मध्ये बाप, मागे एका बाजूने बसलेली आई आणि तिच्या मांडीवर धाकटे. त्याच कंपनीने सोळा वर्षांनी अ‍ॅव्हेंजर काढली तेव्हा तिच्या जाहिरातीने सांगितले की हिच्यावर बसा, देव झाल्यासारखे वाटेल. रस्ता मोकळा आणि माणूस एकटा. २०१० साली कंपनीने स्कूटर बनवणे थांबवले. २०२० साली चेतक पुन्हा आली ती विजेवर चालणारी होऊन. ह्या दोन जाहिरातींच्या मधल्या काळात आमच्या मध्यमवर्गाचे 'आम्ही' कोठे गळून पडले, ह्यावर एखाद्या समाजशास्त्रज्ञाने ग्रंथ लिहावा. मला तो गळालेला शब्द सीटवर दिसतो.

स्प्लेंडरची सीट सलग, सपाट, लांब. तिच्यावर चालकाची जागा कोठे संपते आणि मागच्याची कोठे सुरू होते ते ठरलेले नाही. गरजेप्रमाणे ती सीमा पुढेमागे सरकते. धान निघाले की तिच्यावर धानाचा कट्टा येतो, दवाखान्यात जाताना म्हातारी येते, शाळेच्या वेळी दोन पोरे येतात. क्रूझरची सीट दोन खणांची. चालकाचा खण खोल, रुंद, खुर्चीसारखा. मागचा उंच आणि आखूड, वर पाठीला टेकायला लोखंडी कमान. ती कमान हा फार मोठा उपकार म्हणून सांगितला जातो. पण एका बाजूने बसणाऱ्या नऊवारीतल्या बाईला तिचा उपयोग काय? ती कमान तिच्या पाठीला लागत नाही, दंडाला लागते. आणि कट्टा ठेवायचा म्हटले तर उतरत्या टाकीवर तो राहत नाही, मागे कमान त्याला बसू देत नाही. आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी ही गाडी पहिल्यांदा पाहिली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "गाडी त मोठी घेतली गुरुजी, पन बसाले जागा लहानच हाये." ह्या गाडीवर मी वाचलेल्या सगळ्या परीक्षणांत मला हे एक वाक्य वजनदार वाटते. परीक्षणे लिहिणारी माणसे एकटीच चालवून पाहतात. म्हातारा माणूस आपल्याला कोठे बसवतील ते पाहतो.

मोठेपणाची ही गोष्ट आमच्या भागात नवीन नाही. एनफिल्डची बुलेट आपल्याकडे प्रथम सैन्यासाठी आली. १९५४ साली सरकारने आठशे गाड्यांची मागणी नोंदवली आणि पुढे मद्रासला कारखाना निघाला. तेव्हापासून बुलेटच्या आवाजात खाकी कपड्याचा धाक मिसळलेला आहे, आणि गावात ती कोणाच्या दारात उभी असते हे पाहून गावाची उतरंड वाचता येत असे. राजदूत दूधवाल्याची आणि शेतकऱ्याची. १९८५ नंतर शंभर सी.सी.च्या चार-स्ट्रोक गाड्या आल्या आणि ज्यांच्या सात पिढ्या पायी चालल्या त्यांच्या दारातही गाडी उभी राहिली. वाहनांच्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो, आणि तो सर्वांत लहान इंजिनाने घडवला. म्हणून 'लहान गाडी' हा शब्द तुच्छतेने उच्चारणाऱ्याशी माझे जमत नाही.

इतके बोलून झाल्यावर कोणी म्हणेल, मग घेतली कशाला? त्याचे उत्तर रस्त्यावर आहे. गोंदियाहून गोरेगाव मागे टाकून कोहमाऱ्याला या. तेथे गुजरातेतल्या हजिऱ्याहून ओडिशातल्या पारादीपला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ लागतो. जुनी माणसे त्याला अजून सहा नंबरच म्हणतात. तेथून पूर्वेला देवरीकडे वळा किंवा सरळ दक्षिणेला नवेगावबांधकडे उतरा. धानाचे बांध संपतात, मोह आणि साग सुरू होतात. शंभर सी.सी.च्या गाडीवर ताशी साठचा वेग म्हणजे ओरडून बोलणे. इंजिन कानात, हात मुंग्यांनी भरलेले, नजर समोरच्या दहा हातांवर. क्रूझरवर तोच साठ म्हणजे ओसरीवरच्या गप्पा. पुढे पसरलेल्या पायांमुळे छाती उघडी पडते, मान आपोआप वर येते आणि नजर बाजूला जाऊ शकते. आमच्या जिल्ह्यात महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस पक्षी धानाच्या शेतांत चरतात. लहान गाडीवरून जाताना मला ते कधी थांबल्याखेरीज दिसले नाहीत. ह्या गाडीवरून दिसतात, कारण ही गाडी माणसाला पोहोचण्याच्या कामातून थोडे मोकळे करते. तिच्या रूपाचा हा खरा आशय. तो वेगात नाही, आवाजात तर नाहीच. सायलेन्सर बदलून गाव उठवणाऱ्यांनी ह्या सावकाश गोष्टीच्या प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह घातले आहे.

मात्र हे सुख चालकाचे. मागे बसलेल्या माणसाला सारस दिसतो की चालकाची पाठ, हा प्रश्न उरतोच, आणि मला त्यावर ह्या गाड्यांच्या कर्त्यांशी बोलावयाचे आहे. त्यांनी हे रूप परदेशातून आणले. आणताना इंजिन आपल्या पेट्रोलच्या भावाला बेतले, चाके आपल्या रस्त्यांना बेतली, किंमत आपल्या हप्त्यांना बेतली. बैठक तेवढी जशीच्या तशी राहिली. तिथे मागची जागा कधीमधी बसणाऱ्या सोबत्याची होती. येथे ती रोज बसणाऱ्या बायकोची, म्हाताऱ्या आईची आणि मंडईच्या दिवसांत दंडार बघायला रात्रीचे निघालेल्या पोराची आहे. चार बोटे लांबी वाढवून, मागचा खण पुढच्याच्या पातळीला थोडा उतरवून, बाजूने बसणारीच्या पायांना नीट पट्टी देऊन आणि ती कमान काढता-घालता येईल अशी करून पाहिले तर त्या उतरत्या रेषेचे फारसे काही बिघडणार नाही. बिघडलेच तर बिघडू द्यावे. अकुर्डीच्या किंवा मद्रासच्या आराखडेवाल्याने पुढची आवृत्ती काढण्याआधी एकदा भावबीजेच्या दिवशी आमच्या जयस्तंभ चौकात उभे राहावे आणि गाड्यांच्या मागे कोण कोण बसले आहे ते मोजावे.